रानात बंदूकवाले भेटले तर काय करायचं: सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी

मागच्या फेब्रुवारीत आम्ही पाच जण जावळीच्या रानातली एक घाटवाट उतरत होतो. वाटेचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण खालच्या वाडीत नंतर आम्हाला चहा पाजला होता. उशीर झालेला, साडेसात वाजून गेलेले, बऱ्यापैकी चांदणं होतं म्हणून आम्ही हेडटॉर्च बंद ठेवलेल्या, बॅटरी वाचवायला, आणि दमल्यामुळे कोणी बोलतही नव्हतं. समोरच्या उतारावरून एक झोत आला, कारवीवरून फिरत फिरत आमच्यावर येऊन थांबला. माझ्या पुढचा मित्र पटकन खाली वाकला, सहज, कोणीही वाकेल तसा. पाठीवर काळं रेनकव्हर घातलेली साठ लिटरची सॅक. वाकताना त्याचा पाय मुरगळला आणि त्याने एक सणसणीत शिवी हासडली. वरून आवाज आला, "कोण हाय रं?"

दहा मिनिटांनी दोघे खाली आले. एकाच्या खांद्याला सिंगल बारची बंदूक. त्यातला वयस्कर माणूस माझ्या मित्राला म्हणाला, "उभा ऱ्हायला असतास तर वळाकला असता, वाकल्यावर डुक्करच दिसलास बघ."

ती शिवी नसती तर काय झालं असतं यावर आम्ही परतीच्या गाडीत एक शब्द बोललो नाही.

हे फक्त आमच्या नशिबात होतं असंही नाही. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात रानडुकरं मारायला गेलेल्या टोळीने आपल्याच माणसाला डुक्कर समजून गोळी घातली आणि वर प्रेत लपवलं, ती बातमी बऱ्याच जणांनी वाचली असेल. अशा बातम्यांत मरणारा बहुतेक वेळा शिकाऱ्यांच्या सोबतचाच असतो. म्हणजे जो माणूस तिथे असणार हे माहीत आहे त्यालाही ओळखत नाहीत, मग तुम्ही तर त्यांच्या हिशोबात नसताच.

आपल्याकडची गोष्ट परदेशातल्यापेक्षा वेगळी आहे हे आधी डोक्यात घ्या. तिकडे शिकारीचा सीझन असतो, लायसन असतं, शिकारी केशरी जॅकेट घालून उघड फिरतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर बऱ्याच घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते, ती बेकायदा नाही, पण तो परवाना बंदूक बाळगायचा असतो, रानात जाऊन सांबर-भेकर पाडायचा नाही. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते. त्यामुळे रात्री रानात जो बंदूक घेऊन फिरतोय तो बहुतेक लपून फिरतोय, आणि म्हणून आपल्याला धोके दोन आहेत. बार टाकायच्या आधी तुम्ही माणूस आहात हे त्याला कळलं नाही, हा पहिला. आणि कळल्यावर तुम्ही वनखात्याचे किंवा साक्षीदार वाटलात, हा दुसरा. पहिल्यासाठी दिसायचं आणि ऐकू यायचं, दुसऱ्यासाठी निरुपद्रवी वाटायचं. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

निघायच्या आधी

कधी जाताय ते बघा. भात आणि नाचणी तयार होते तेव्हा, म्हणजे साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर, डुकरं शेतात उतरतात आणि रानाच्या कडेच्या शेतात रात्रभर राखण असते, माळ्यावर माणूस, हाताशी बंदूक. शिमग्याच्या आसपास काही भागांत गावच्या गाव पारधीला निघायची जुनी चाल आहे, कायद्याने बंद असली तरी पूर्ण गेलेली नाही. आणि मार्च ते मे पाणी आटतं, जनावर उरलेल्या पाणवठ्यावर येतं, शिकारी तिथेच दबा धरून बसतो. मला विचाराल तर रात्रीच्या वाटचालीसाठी हाच काळ सगळ्यात वाईट, आणि नेमका याच काळात ऊन टाळायचं म्हणून आपण सगळे नाइट ट्रेक काढतो.

कुठे जाताय तेही बघा. राजमाची, हरिश्चंद्रगडाच्या रुळलेल्या वाटांवर शनिवारी रात्री जत्रा असते, तिथे शिकारी फिरकणार नाही. प्रश्न येतो तो महिपतगड-सुमारगडच्या मधलं रान, जावळी, तिलारी-आंबोलीकडचे उतार असल्या ठिकाणी, जिथे दिवसभरात माणूस दिसत नाही आणि ढोरवाटा इतक्या फुटतात की दिवसासुद्धा चुकायला होतं. अशा ठिकाणी माझा सरळ नियम आहे, सूर्य मावळायच्या आत वाडीत किंवा मुक्कामाला, नाहीतर प्लॅन बदलायचा. अभयारण्यात तर रात्री चालायची परवानगीच नसते, तो नियम फक्त बिबट्यासाठी नाही एवढं लक्षात घ्या.

कपडे आणि सॅक

आर्मी प्रिंटची पँट, ऑलिव्ह टीशर्ट, काळी सॅक. फोटोत भारी दिसतं आणि रानात दिसतच नाही, हाच प्रॉब्लेम. केशरी टीशर्ट आणि केशरी किंवा झगझगीत पोपटी रेनकव्हर घ्या, पाऊस नसला तरी सॅकवर चढवा, कारण चालताना आपल्या अंगाचा मागून दिसणारा सगळ्यात मोठा भाग सॅकच असते. काळा, तपकिरी, करडा टाळा. पांढरा रुमाल मागच्या खिशातून लोंबू देऊ नका, भेकराची शेपटी खालून पांढरी असते. प्राणी बिचकतील का असं विचारतात काही जण. हरणांना आपल्यासारखा केशरी भडक दिसत नाही, त्यामुळे जनावर बघायची हौस असेल तरी बिघडत नाही.

रात्रीसाठी रेडियमची पट्टी, सायकलच्या दुकानात मिळते तीच. सॅकवर आडवी लांब लावा, दोन्ही दंडांवर गुंडाळा. दोन छोटे गोल स्टिकर शेजारी शेजारी लावू नका, लांबून बॅटरी पडली की ते डोळे चमकल्यासारखे दिसतात, आणि चमकणारे डोळे बघूनच भेकर-सांबरावर नेम धरतात. शेवटच्या माणसाच्या सॅकला सायकलचा लाल ब्लिंकर लावा. सह्याद्रीतलं कुठलंही जनावर लाल उघडझाप करत नाही.

इथे एक गोष्ट माहीत असू द्या. हरणाच्या, बिबट्याच्या डोळ्यात मागे एक चकाकणारा थर असतो म्हणून ते डोळे चमकतात. डुकराच्या डोळ्यात तो थर नसतो. म्हणजे डुकराच्या मागे असलेला शिकारी डोळे बघून नाही, तर सळसळ ऐकून आणि काळा आकार बघून बार टाकतो. झुडपात वाकून चाललेला, काळी सॅक घेतलेला, गप्प माणूस म्हणजे त्याला अगदी हवं तसं चित्र.

पायथ्याच्या गावात

ही स्टेप लोक खातात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. गाडी लावली, फोटो काढला, सुटले, असं करू नका. दहा मिनिटं कुणाच्या तरी ओट्यावर बसा, पाणी मागा, कुठून कुठे जाणार, कितीजण, कधी परत येणार ते सांगा. शिकारीबद्दल थेट विचारलंत की तोंडं बंद होतात. "मामा, रात्री उतरलो तर चालेल का, राखणीला कोण असतं का वाटेत?" असं विचारा. "राखण" हा शब्द सगळ्यांना सोयीचा आहे. एका मावशीने आम्हाला नुसतं एवढंच सांगितलं होतं, "आज नगा जाऊ बाबा वढ्याच्या अंगानं, पोरं गेल्यात." कुठली पोरं, कशाला गेलीत, आम्ही विचारलं नाही, वाट बदलली.

याचा दुसरा फायदा असा की गावात फोन फिरतो, वर गेलेल्यांना कळतं की आज ट्रेकवाले येतायत. माझ्या अंदाजाने निम्मा धोका तिथेच कमी होतो. वाटाड्या घेतला तर उत्तमच, पण दारू प्यायलेला घेऊ नका.

चालताना

बोलत चाला. गाणी लावलेला ब्लूटूथ स्पीकर मात्र नको, त्याने रान आणि बाकीचे लोक दोघेही वैतागतात आणि तुम्हाला आजूबाजूचं काही ऐकू येत नाही. साध्या गप्पा, मध्येच एखादी हाळी, एवढं पुरतं. शिट्टी गरज पडल्याशिवाय वाजवू नका, शिकारी लोक एकमेकांना शिट्टीने, खाकरून खुणा करतात, उगाच गोंधळ. माणसाच्या बोलण्यासारखी दुसरी ओळख नाही.

अंधार पडायला लागला की हेडटॉर्च चालू, सगळ्यांच्या, चांदणं असलं तरी. आम्ही केलेली चूक हीच. उजेडाची सलग ओळ हलताना दिसली की माणसं आहेत हे लांबून कळतं. एकच टॉर्च पुढे आणि मागचे चौघे अंधारात, हे वाईट. सगळे एकत्र चाला, शॉर्टकटसाठी झाडोऱ्यात घुसू नका, पहाटे आणि तिन्हीसांजेला तर अजिबात नाही. मळलेल्या वाटेवर माणूस असू शकतो हे शिकाऱ्याला निदान सुचतं तरी, करवंदीच्या जाळीत नाही सुचत.

हाका ऐकू आला तर काय? म्हणजे एका बाजूने आरडाओरडा, डबे बडवणं, कुत्री, असा कालवा पुढे पुढे सरकतोय. इथे आपली पहिली बुद्धी होते आवाजापासून लांब पळायची. तेच करायचं नाही. रान उठवणारे एका बाजूला असतात आणि बंदुका त्यांच्या समोरच्या टोकाला, खिंडीत किंवा ओढ्याच्या तोंडाशी, गप्प बसलेल्या असतात. आवाजापासून लांब पळणं म्हणजे जनावराच्या बरोबरीने बंदुकीच्या तोंडात जाणं. एखादा मोठा कातळ किंवा जाड बुंधा गाठा, त्याला टेकून एकत्र उभे राहा, टॉर्च लावा आणि ओरडत राहा, "ओ दादा, माणसं आहेत इथं, ट्रेकवाले!" हाकेकरी तुमच्यापर्यंत पोचले की त्यांच्याच सोबत मागे जा. उठलेलं डुक्कर वाटेत येणाऱ्याला आडवं करून जातं, त्यासाठीही तो बुंधा हवाच.

बॅटरीचा झोत अंगावर आला तर ताठ उभे राहा, हात बाजूला घ्या, बोला. वाकू नका, पळू नका, झाडामागे उडी मारू नका. आणि बार झालाच तर उलट, लगेच आडवे व्हा, शक्यतो कातळाच्या मागे, आणि झोपल्या झोपल्या जोरात ओरडा, "माणूस आहे, गोळी मारू नका!" टॉर्च आकाशाकडे धरून हलवा. लगेच उठू नका, डबल बारची दुसरी नळी शिल्लक असू शकते आणि दुसरा बंदूकवालाही असू शकतो. समोरून माणसाचा आवाज आला, उत्तर मिळालं, मग हळू उठायचं. हे दोन नियम उलटे आहेत म्हणून गोंधळ होतो: झोत आला की उभं, बार झाला की आडवं. आमच्या ग्रुपमध्ये नवीन माणूस आला की निघताना त्याच्याकडून हे वदवून घेतो, पोरं हसतात, हसू देत.

समोरासमोर भेट झाली तर

राम राम घाला. "दादा, वाडीकडची वाट हीच ना?" एवढं विचारा, वाट माहीत असली तरी. तुम्ही वाटसरू आहात, चौकशीला आलेले नाही, हे त्यातून कळतं. टॉर्च त्यांच्या तोंडावर मारू नका, जमिनीकडे धरा. मोबाईल खिशात, व्हिडिओ नाही, फोटो नाही. पोत्यात काय आहे तिकडे बघायचंसुद्धा नाही. आणि बंदूक हातात घेऊन सेल्फी, हा प्रकार मी डोळ्याने बघितलाय, दोन कॉलेजची मुलं आणि ठासणीची बंदूक, नळी एकमेकांच्या पोटाकडे. ती बंदूक भरलेली आहे असंच समजायचं, नेहमी. नळी कुठे वळते तिकडे लक्ष ठेवा आणि तुम्ही माणसाच्या शेजारी राहा, समोर नाही.

निघताना एक प्रश्न मात्र जरूर विचारा, "पुढं अजून कोण बसलंय का?" कारण हे लोक क्वचितच एकटे असतात आणि जो भेटला त्याच्यापेक्षा न भेटलेला जास्त धोक्याचा. शक्य असेल तर त्यांनाच हाळी द्यायला सांगा. दारूचा वास आला तर तो प्रश्नही विचारू नका, निघा.

तिथल्या तिथे कायदा शिकवायला जाऊ नका. तुम्ही बरोबर असाल, पण रात्री नऊ वाजता रेंज नसलेल्या ओढ्यात, हातात बंदूक असलेल्या आणि जेलला घाबरलेल्या माणसासमोर बरोबर असून काय करणार? शिवाय हे सगळे गावचेच असतात असं धरू नका, शहरातून जीप घेऊन येणारे हौशीही असतात, आणि अमुक समाजाचे लोकच शिकार करतात असली वाक्यं तर ट्रेकर मंडळींनी बंदच करावीत.

मुक्कामाला

तंबू पाणवठ्याला चिकटून लावू नका, जनावराच्या वाटेवर नको, मोकळ्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाटीवर, किंवा देवळात उत्तम. पाणी उजेडातच भरून ठेवा. संध्याकाळी पाण्यावर जायलाच लागलं तर दोघे जा, बोलत जा.

आणि आता टमरेलाचा विषय. हसू नका, सगळ्या ट्रेकमधला सगळ्यात धोक्याचा क्षण हाच आहे. माणूस एकटा, पहाटे पाचला, लाजेने टॉर्च बंद करून, झुडपामागे, वाकून बसलेला! टॉर्च चालूच ठेवा, जमिनीवर उलटी ठेवली तरी चालेल, केशरी कव्हर सोबत घ्या, कुणाला तरी सांगून जा, आणि गाणं गुणगुणायला लाजू नका.

बंदुकीशिवायचे प्रकार

बेफिकीर शिकाऱ्याची बंदूक तरी त्याच्याबरोबर घरी जाते, बाकीचं सामान रानातच राहतं. गाडीच्या क्लचवायरचे फासे ढोरवाटेवर, कुंपणाच्या भोकात लावलेले असतात. पाय अडकला तर ओढू नका, ओढलं की आवळतं, उलटं फाशाच्या खुंटीकडे सरका म्हणजे सैल होतं. गावठी बॉम्ब त्याहून वाईट, पिठाचा किंवा चरबीचा गोळा दिसतो, डुकराने चावला की फुटतो, गावच्या कुत्र्यांचे आणि गुरांचे जबडे यानेच जातात. रानात पडलेला कुठलाही गोळा, पुडी, चिंध्यांत गुंडाळलेलं काहीही लाथाडू नका, काठीने ढोसू नका. सोबत कुत्रा आणणाऱ्यांनी तर पट्टा सोडूच नये.

तिसरं म्हणजे शेताच्या कडेला जमिनीपासून फूटभर वर ओढलेली तार, थेट लाइनवर आकडा टाकलेली. झटका मशीन किंवा सौर कुंपण वेगळं, ते झटका देऊन सोडतं, ही तार सोडत नाही. रात्री शेत ओलांडताना पायाखाली बघा, उघडी तार दिसली की जिवंतच समजा. कोणी चिकटला तर हात लावू नका, आधी वीज तोडायची, वीज कंपनीला १९१२ ला आणि गावात फोन करायचा.

कोणाला लागलंच तर

आधी ओरडून पुढचा गोळीबार थांबवा, मग जखमीकडे जा. हातापायातून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने पूर्ण वजन टाकून दाबा, दर मिनिटाला उचलून बघत बसू नका. थांबतच नसेल तर जखमेच्या वर, सांध्यावर नाही, रुंद पट्टी काठीने पिळून आवळा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा. दोरी किंवा बुटाची नाडी नको, मांसात रुतते. छर्रे काढायचा प्रयत्न करू नका. छातीत लागलं असेल तर जखमेत कापड कोंबू नका, श्वास घ्यायला सोपं पडेल तसं टेकवून बसवा. चहा-पाणी काही देऊ नका, बहुतेक ऑपरेशन लागणार असतं. पांघरूण घाला.

फोन १०८ किंवा ११२. रेंज नसेल तर दोघांना वर डोंगराच्या धारेवर पाठवा, एकट्याला नाही. एमएमआरसीसी ही महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांची रेस्क्यू हेल्पलाइन आहे, तिचा नंबर निघायच्या आधीच सेव्ह करून ठेवा. गोळी मारणारा तिथेच असेल तर त्याच्याशी भांडण नंतर, आत्ता त्याला वाट माहीत आहे आणि त्याच्या खांद्यात जोर आहे, डोली करायला त्याचा उपयोग आहे.

परत आल्यावर

कळवा. वनखात्याचा टोल-फ्री नंबर १९२६, नाहीतर त्या भागातल्या वनपालाला, वनक्षेत्रपालाला फोन. जागेचं लोकेशन, वेळ, किती आवाज झाले, फासा असेल तर त्याचा फोटो, एवढं पुरे. फासे स्वतः काढायला जाऊ नका. आणि ज्या मामांनी, मावशींनी तुम्हाला सावध केलं त्यांचं नाव कुठेही घेऊ नका, तक्रारीत नाही आणि इन्स्टाच्या कॅप्शनमध्ये तर मुळीच नाही, त्यांना त्याच गावात राहायचंय.

अजून एक, थोडं विषय सोडून. घरगुती जेवणाच्या ठिकाणी गेल्यावर डोळा मारून "रानातलं काही मिळेल का" असं विचारणारे आपल्यातच आहेत. शिकारीचं मटण जवळ बाळगणं हासुद्धा त्या कायद्याखाली गुन्हाच आहे. आम्ही त्या रात्री वाडीत जेवायला बसलो तेव्हा आमच्यातल्याच एकाने विचारलं. सगळे गप्प झाले, आणि ज्याचा पाय मुरगळला होता तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "आज मीच मिळणार होतो की."